घाईच्या माणसांचं हृदय

सॅन फ्रान्सिस्कोत मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन या हृदयरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात खुर्च्यांच्या गाद्या दुरुस्त करायला आलेल्या कारागिराला एक गंमत दिसली. खुर्च्या फक्त पुढच्या कडेला झिजल्या होत्या. रुग्ण जणू केव्हाही उठून निघायच्या बेतात बसत. १९५०च्या दशकातला हा किस्सा पुढे खूप गाजला. प्रत्यक्षात डॉक्टरांनी त्या वेळी तो कानाआडच केला होता.

१९५९ मध्ये मात्र दोघांनी ‘टाइप ए’ स्वभावाची कल्पना मांडली. असा माणूस सतत घड्याळाशी झुंजतो, प्रत्येकाशी चढाओढ करतो आणि त्याचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असतो. १९६० पासून कॅलिफोर्नियातल्या ३,१५४ पुरुषांवर त्यांनी साडेआठ वर्षं लक्ष ठेवलं. ‘टाइप ए’ पुरुषांत हृदयविकाराचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीनेही ही जोखीम मान्य केली.

आणि लगेच घसरण सुरू झाली. १९८५ मध्ये एका मोठ्या चाचणीत हा संबंध सापडलाच नाही. १९८८ मध्ये तर मूळच्याच पाहणीतल्या हृदयरुग्णांचा हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा ‘टाइप ए’ वाले उलट जास्त जगल्याचं दिसलं! ‘टाइप ए’च्या संशोधनाला फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने पैसा कसा पुरवला होता, तेही पुढे तिच्याच कागदपत्रांतून बाहेर आलं. हृदयविकाराचं खापर स्वभावावर फुटलं की सिगारेट थोडी तरी सुटते, हे कंपनीला कळत होतं.

इथे हा विषय संपला, असं पुष्कळांनी मानलं. मला वाटतं, खरा विषय इथेच सुरू झाला. विद्यार्थिदशेत मानसिक चाचणी दिलेल्या २५५ डॉक्टरांचा पंचवीस वर्षांनंतरचा लेखाजोखा १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. ज्यांच्या मनात लोकांविषयी वैरभाव आणि संशय जास्त होता, त्यांच्यात हृदयविकारही जास्त होता. म्हणजे नुसत्या घाईपेक्षा मनातली अढी जास्त महाग पडत होती. पुढच्या सगळ्याच अभ्यासांनी याला तितकीच ठाम साथ दिली नाही, पण संशोधकांची नजर घड्याळावरून रागाकडे वळली.

राग आवरणं शिकवता येतं का? फ्रीडमन तेच करू पाहत होते. ते स्वतः ‘टाइप ए’ आणि हृदयरुग्ण. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना ते गृहपाठ देत: दुकानात मुद्दाम सर्वांत लांब रांगेत उभं राहा, गाडी संथ लेनमधून चालवा, समोरच्याचं वाक्य तोडू नका. स्वतः त्यांनी फ्रेंच लेखक प्रूस्तची सात खंडांची संथ कादंबरी वाचून काढली. (हे औषध मला तरी जरा जालीम वाटतं.) १९८६ मध्ये निकाल आले. ८६२ जणांपैकी ज्यांना नेहमीच्या सल्ल्याबरोबर हे गटप्रशिक्षण मिळालं, त्यांच्यातल्या १२.९ टक्के लोकांना साडेचार वर्षांत पुन्हा त्रास झाला. फक्त नेहमीचा सल्ला मिळालेल्यांत हे प्रमाण २१.२ टक्के होतं.

सगळीकडे असं यश आलं नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे अडीच हजार रुग्णांच्या अमेरिकन चाचणीत मानसोपचारांनी नैराश्य थोडं हटलं. मृत्यू आणि पुन्हा येणारे झटके मात्र कमी झाले नाहीत. नैराश्य उतरलं म्हणजे हृदय सावरलंच, असा सरळ हिशेब नाही.

२०११ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथल्या ३६२ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांच्यातल्या एका गटाला ताण आणि चिडचिड ओळखून वेगळा प्रतिसाद द्यायला वर्षभरात वीस बैठकांमधून शिकवलं गेलं. सरासरी सात-आठ वर्षांच्या पाठपुराव्यात बाकीच्यांच्या तुलनेत या गटाला पुन्हा हृदय-रक्तवाहिन्यांचा त्रास होण्याचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी राहिलं, आणि जे बैठकांना जास्त नियमित आले त्यांना फायदाही जास्त झाला. आपल्याकडे अँजिओप्लास्टी करून घरी निघालेल्या माणसाला डॉक्टर ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच सांगतात. ते कसं घ्यायचं नाही, हे शिकायला तिथे वीस बैठका लागल्या होत्या.