शून्य सालचा खेळ आणि त्याचे बिनपगारी कारागीर

इसवी सनाच्या गणनेंत शून्य हें वर्ष कधींच झालें नाहीं. इसवी सनापूर्वीचें पहिलें वर्ष संपलें कीं दुसऱ्याच दिवशीं इसवी सनाचें पहिलें वर्ष लागतें. मध्यें शून्याला जागा नाहीं. कालगणनेचीं उदाहरणें सोडवितांना ह्या न झालेल्या वर्षानें शाळेंतील पुष्कळ मुलांचे गुण खाल्ले आहेत. परंतु नेमकें हेंच वर्ष नांव म्हणून मिरविणारा एक खेळ संगणकावर खेळला जातो. 'झीरो ए. डी.' हें त्याचें नांव. प्राचीन काळचें एखादें राष्ट्र घ्यावें, धान्य, लाकूड, दगड व धातु जमवावे, घरें व तटबंदी उभारावी, सैन्य सज्ज करावें आणि शेजाऱ्याशीं झुंजावें, असा हा डावपेचांचा व्हिडिओ गेम आहे. बुद्धिबळांत एकाची खेळी होईपर्यंत दुसरा हनुवटीवर हात ठेवून बसतो. येथें कोणी कोणासाठीं थांबत नाहीं.

हा खेळ फुकट मिळतो, यांत तितकेंसें नवल नाहीं. नवल आहे तें त्याच्या घडणीचें. निरनिराळ्या देशांत राहणाऱ्या, बहुधा एकमेकांस कधीं न भेटलेल्या माणसांनीं तो आपापल्या फावल्या वेळांत रचला आहे, आणि त्यांतील बहुतेकांना त्याबद्दल छदामहि मिळालेला नाहीं. २००१ सालीं 'एज ऑफ एम्पायर्स' ह्या गाजलेल्या खेळाच्या दुसऱ्या भागांत कांहीं फेरफार करावे, एवढ्याच कल्पनेनें हें मंडळ जमलें. पुढें दुसऱ्याच्या घराला रंग देण्यापेक्षां स्वतःचें घर बांधावें असें ठरलें. 'वाइल्डफायर गेम्स' असें व्यापारी थाटाचें नांव ह्या मंडळानें घेतलें खरें, पण त्याला ना भांडवल, ना कचेरी.

संगणकानें काय करावें याच्या सूचना माणसाला वाचतां येतील अशा भाषेंत लिहिलेल्या असतात. तिला मूळ आज्ञावली म्हणतात. धंदेवाईक कंपन्या ती कुलुपांत ठेवतात. हलवाई पेढा विकतो, पण कृति सांगत नाहीं, तसेंच हें. ह्या मंडळानेंहि प्रारंभीं आपली आज्ञावली सभासदांपुरतीच ठेविली होती. जुलै २००९ मध्यें मात्र ती सर्वांस खुली झाली. कोणींहि ती वाचावी, वापरावी, बदलावी, वांटावी. अट इतकीच कीं, बदललेली प्रत दुसऱ्यास देणारानें घेणारालाहि हेच हक्क द्यावे. चित्रें व ध्वनि यांनाहि अशाच प्रकारचा परवाना लाविला गेला. खेळाची पहिली जाहीर आवृत्ति २०१० च्या ऑगस्टमध्यें निघाली.

अशा कामांत आपला काय उपयोग, असें संगणकविद्या न शिकलेल्या मनुष्यास वाटणें स्वाभाविक आहे. परंतु एका घराला किती लाकूड लागावें, भालेकऱ्याच्या अंगीं किती बळ असावें, ह्या गोष्टी साध्या मजकुराच्या फायलींत नोंदलेल्या असतात. त्या वाचण्यास पदवी लागत नाहीं. शिवाय खेळांतील शब्द निरनिराळ्या भाषांत आणणारे अनुवादक हवेत, चित्रकार हवेत, वादक हवेत, आणि इतिहासाचे जाणकार तर हवेतच. ह्या खेळांत मौर्यांचें राज्य आहे. चंद्रगुप्त, अशोक व चाणक्य हे तिघेहि त्यांत वीर म्हणून येतात. अशोकस्तंभ उभारतां येतो. रानांतलें लाकूड जागच्या जागीं जमा करून घेण्यास चालता-फिरता हत्तीहि मिळतो. मात्र आर्य चाणक्यांना ह्या खेळांत जखमी सैनिकांस बरे करणाऱ्या वैद्याचें काम दिलेलें आहे. अर्थशास्त्राचा कर्ता म्हणून ज्याची ख्याति, त्याच्या हातीं औषधाचा बटवा पाहून आपल्याकडील वाचकाच्या भुंवया वर चढल्याशिवाय राहणार नाहींत! पण हीच तर मदतीची जागा. नुसतें हंसून भागत नाहीं; चाणक्याला दुसरें कोणतें काम द्यावें, त्याला ग्रंथांतून आधार काय, आणि त्यामुळें खेळाचा तोल बिघडणार तर नाहीं ना, हें सारें लिहून मांडावें लागतें.

दोष शोधणें हीहि मोठीच सेवा आहे आणि ती दिसते तितकी सोपी नाहीं. दोन गांवीं बसलेले दोन गडी एकमेकांशीं खेळतात तेव्हां एका यंत्राकडून दुसऱ्याकडे सैन्याचें चित्र जात नाहीं; जातात त्या केवळ आज्ञा. अमक्या वीस घोडेस्वारांनीं नदीच्या उतारापाशीं जावें, एवढेंच कळविलें जातें आणि पुढचें सगळें गणित प्रत्येक यंत्र आपापल्या ठिकाणीं करतें. पोस्टानें बुद्धिबळ खेळणारे कार्डावर फक्त खेळी लिहून पाठवीत आणि पट आपल्या घरीं मांडून ठेवीत, तसाच हा प्रकार. मात्र दोन्ही घरचे पट तंतोतंत जुळले पाहिजेत. अपूर्णांकांच्या गणितांत दोन यंत्रांची उत्तरें शेवटल्या घरांत किंचित् वेगळीं निघण्याचा संभव असतो, आणि तेवढ्यानेंहि एका पटावर जिवंत असलेला शिपाई दुसऱ्यावर मरून पडेल. म्हणून सैन्याच्या हालचालींचा हिशेब ठराविक घरांच्या पूर्णांकी पद्धतीनें केला जातो. ह्या रचनेचा एक फायदा असा कीं, आज्ञांची यादी जपून ठेविली म्हणजे संपूर्ण डाव पुन्हां जसाच्या तसा लावून पाहतां येतो. 'खेळ बिघडला' अशी नुसती ओरड करणारापेक्षां ही यादी, आपल्या यंत्राचें वर्णन आणि दोष नेमका केव्हां दिसला याची टांचण पाठविणारा मनुष्य शतपटीनें उपयोगी.

आतां नवख्याच्या खऱ्या अडचणीकडे वळूं. अडचण काम मिळण्याची नसते, केलेलें काम तपासून मिळण्याची असते. कोणीं एक दुरुस्ती लिहिली म्हणजे ती लगेच खेळांत जात नाहीं. जुन्या जाणत्यानें ती ओळ न् ओळ वाचावी लागते, चालवून पाहावी लागते, तिच्यामुळें दुसरीकडे कांहीं मोडत नाहीं ना याची खात्री करावी लागते. वह्यांचा गठ्ठा घरीं नेणाऱ्या शिक्षकाला ह्या कष्टांची कल्पना येईल. आणि हा तपासनीसहि बिनपगारीच! दिवसाची नोकरी करून, मुलांना निजवून, मग रात्रीं तो परक्याची वही उघडणार. त्यामुळें दुरुस्त्या आठवडेच्या आठवडे, कधीं महिनेहि पडून राहतात, आणि उत्साहानें आलेला तरुण रुसून निघून जातो. त्याचा राग खोटा नाहीं. तपासनिसाचा थकवाहि खोटा नाहीं. मोठमोठे बेत घेऊन येणारापेक्षां एक लहानसा दोष घेऊन तो पुरता निस्तरणारा नवखा जुन्यांना अधिक आवडतो तो याचसाठीं: त्याची वही लवकर तपासून होते.

पैशानें हा प्रश्न सुटेल काय, याचाहि प्रयोग झाला. २०१३ सालीं एका जाणकारास पगार देऊन पूर्ण वेळ बसवावें म्हणून जाहीर वर्गणी मागितली गेली. उद्दिष्ट १,६०,००० डॉलरांचें होतें. जमले सुमारें ३३,०००, म्हणजे जेमतेम पंचमांश.

ह्या खेळाची एक जुनी तक्रार होती. शेंकडों सैनिकांना एकदम निघण्याची आज्ञा दिली कीं सगळा खेळ अडखळे. झाडें, भिंती, घरें चुकवून प्रत्येकाला जवळची वाट शोधून देणें हें यंत्रालाहि जड जाई. वाट शोधण्याची नवी रीत एका निष्णात सभासदानें लिहावयास घेतली होती, परंतु ती पुरी होण्यापूर्वींच तो कामांतून दूर झाला. पगारी कचेरींत असें अर्धवट काम कपाटांत धूळ खात पडलें असतें. येथें आज्ञावली उघडीच होती. मागाहून आलेल्यांनीं ती वाचली, तिचे दोष काढले, उरलेला भाग लिहिला, आणि २०१५ च्या नोव्हेंबरांत निघालेल्या एकोणिसाव्या आवृत्तींत ती नवी रीत खेळांत दाखल झाली. पहिल्यानें सोडलेलें टोंक दुसऱ्यांच्या हातीं लागलें, तें केवळ तें सर्वांस दिसेल असें ठेविलें होतें म्हणून.

आवृत्तीला बहुधा इंग्रजी वर्णमालेच्या क्रमानें प्राचीन काळाशीं नातें सांगणारें एखादें नांव देण्याची ह्या मंडळाची प्रथा आहे. पहिली 'अर्गोनॉट', दहावी 'झेलम', तेरावी 'मगध', सोळावी 'पतंजलि'. २०२२ सालीं सव्विसाव्या आवृत्तीस चिनी तत्त्ववेत्ता झुआंगत्झि याचें नांव लागलें आणि अक्षरें संपलीं. तेव्हां पुन्हां पहिल्या अक्षरापासून आरंभ करण्यांत आला, आणि जानेवारी २०२५ मध्यें सत्ताविसावी आवृत्ति निघाली ती 'अग्नि' ह्या नांवानें. चोवीस वर्षांच्या मेहनतीनंतरहि तिच्यावर 'अल्फा', म्हणजे अजून कच्ची, अशीच मोहोर होती.