जीन कसताना बिथरणारा घोडा

एरवी शांत असणारा घोडा पाठीवर जीन येताना किंवा पोटाखालचा तंग आवळला जाताना अचानक पालटतो. तो कान मागे पाडतो, शेपटी फटकारतो, अंग चोरतो, दात दाखवतो. काही घोडे चावा घेतात, मागचा पाय झाडतात, तर काही पाठीची कमान करून उसळतात. आपल्या तबेल्यांत या वर्तनाला सरसकट ‘खोड’ म्हटले जाते, आणि खोड म्हटली की ती मोडण्याची भाषा ओघाने येते. अश्ववैद्यक व प्राणिवर्तनशास्त्र यांनी या समजुतीची फेरतपासणी केली आहे. घोडा हा निसर्गतः भक्ष्य ठरणारा प्राणी असून दुखणे लपवणे ही त्याची जगण्याची रीत आहे. असा प्राणी तंगाला हात लागताच विरोध करतो, तेव्हा त्यामागे वेदना, वेदनेचे स्मरण किंवा माणसाच्या हातून झालेली चूक असण्याचा संभव मोठा असतो. ही कारणे कोणत्या क्रमाने शोधावीत आणि कशी दूर करावीत, याचा विचार येथे केला आहे.

संज्ञा आणि साधने : अश्वसज्जेचे बहुतेक मराठी शब्द फारसीतून आले आहेत. जीन म्हणजे स्वाराचे आसन. तंग म्हणजे ते आसन जागेवर धरून ठेवणारा, छातीखालून जाणारा पट्टा. रिकीब म्हणजे पाय ठेवण्याची कडी, हा शब्द मूळचा अरबी. खोगीर या शब्दाचा मूळ अर्थ ‘घाम टिपून घेणारे’ असा आहे. घोड्याच्या पाठीवर घालायची जाड, भरीव गादी ती खोगीर. ती चिंध्या व टाकाऊ वस्तूंनी भरत, त्यावरून ‘खोगीरभरती’ हा शब्दप्रयोग निरुपयोगी भरण्यासाठी रूढ झाला. घोड्याच्या दृष्टीने मात्र ही भरती मुळीच क्षुल्लक नाही. तिच्यात एक गाठ राहिली तरी स्वाराचा भार त्या गाठीवर एकवटतो आणि पाठ सोलवटते.

पूर्वपीठिका : आरंभीचे स्वार उघड्या पाठीवर किंवा केवळ कापड टाकून बसत. अल्ताय पर्वतातील पाझिरिक येथील इसवी सनापूर्वीच्या थडग्यांतून भरीव गाद्यांची जिने मिळाली आहेत. पुढे लाकडी सांगाड्याचे जीन आले आणि भार कण्यावर न पडता त्याच्या दोन्ही अंगांना वाटला जाऊ लागला. इ. स. पू. चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफन याने अश्वारोहणावर ग्रंथ लिहिला. रागाच्या भरात घोड्याला कधीही हाताळू नये, हा त्यातील उपदेश आजही अश्वशिक्षणाचा पाया मानला जातो. भारतात शालिहोत्राच्या नावाने अश्वविद्येची परंपरा चालत आली. नकुल व जयदत्त यांच्या नावावरचे अश्ववैद्यकाचे ग्रंथ प्रसिद्ध आहेत, आणि कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’तही घोड्यांचा विचार आहे. मराठ्यांच्या घोडदळात बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे. शिलेदाराच्या घोड्याची पाठ जखमी झाली की त्याची चाकरीच अडून राही.

वर्तनाचे वर्गीकरण : जीन घालतानाचा विरोध तीव्रतेनुसार तीन पायऱ्यांत विभागता येतो. पहिली पूर्वसूचनेची. मान वळवून तंगाकडे पाहणे, नाकपुड्या आक्रसणे, जबडा घट्ट करणे, उगाच जांभया देणे, एका जागी न ठरणे ही तिची लक्षणे. दुसरी प्रतिकाराची. येथे घोडा बाजूला सरकतो, पाय आपटतो, हवेत दात वाजवतो, छाती व पोट ताणून धरतो. घोडा मुद्दाम पोट फुगवून माणसाला फसवतो, असे या ताणण्याबद्दल म्हटले जाते. वस्तुतः येऊ घातलेल्या आवळणीपासून अंग वाचवण्यासाठी तो छातीचे स्नायू कडक करतो. तिसरी पायरी उद्रेकाची असून तिच्यात चावणे, लाथ मारणे, मागे खेचून दोर तोडणे, उसळणे यांचा समावेश होतो. यांखेरीज ‘शीतपृष्ठ’ नावाचा एक वेगळा प्रकार आहे. त्यात घोडा तंग आवळताच किंवा स्वार बसताच पाठ खाली दबवतो अथवा वर उचलतो, क्वचित गुडघ्यांवर कोसळतो, आणि थोडे चालल्यावर सैलावतो. पहिल्या पायरीवरच्या सूचना दुर्लक्षिल्या गेल्या की घोडा पुढच्या पायरीवर जातो.

शरीररचना : घोड्याला सामान्यतः फासळ्यांच्या १८ जोड्या असतात. जिनाचा भार अंसफलकाच्या, म्हणजे खांद्याच्या पात्याच्या, मागून सुरू होऊन शेवटच्या फासळीच्या अलीकडे संपला पाहिजे. त्यामागे कमरेचे मणके असून त्यांना फासळ्यांचा आधार नाही. पुढचा पाय पुढे पडतो तेव्हा पात्याचे वरचे टोक मागे सरकते. जीन पुढे सरकवून घातले असेल, तर प्रत्येक पावलाला ते टोक जिनाच्या कडेवर आदळते. घोड्याला गळ्याचे हाड नसते. त्याची छाती दोन पुढच्या पायांमध्ये स्नायूंच्या झोळीत टांगल्यासारखी असते, आणि तंग उरोस्थीवरून जातो तेथे या झोळीचे स्नायू असतात. त्वचेखालचा पातळ स्नायू तर इतका संवेदनशील असतो, की माशी बसली तरी नेमकी तेवढीच जागा थरथरते. अशा कातडीला चुरगळलेला पट्टा जाणवणार नाही, असे मानणे चुकीचे आहे.

शारीरिक कारणे : यांतील महत्त्वाचे कारण म्हणजे जठरव्रण. घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान, साधारण ८ ते १५ लिटर क्षमतेचे असते. त्यात आम्ल अखंड स्रवते, परंतु आम्ल सौम्य करणारी लाळ केवळ चघळतानाच निर्माण होते. दिवसाचा बहुतांश काळ चरणाऱ्या प्राण्याला ही व्यवस्था पुरेशी होती. ठाणावर बांधून दोन वेळा खुराक मिळणाऱ्या घोड्याचे जठर मात्र तासन्‌तास रिकामे राहते. जठराच्या वरच्या भागाला संरक्षक श्लेष्माचे आवरण नसल्याने तेथे व्रण पडतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी तंगाला विरोध करणाऱ्या ३७ घोड्यांच्या नोंदींचा आढावा २०१९ साली प्रसिद्ध केला. त्यांतील १२ घोड्यांना जठरव्रण होते आणि १० घोड्यांत लंगडेपणा किंवा अस्थी-सांध्यांचे विकार आढळले. म्हणजेच ज्यांना खोडकर समजले जाई, त्यांतील अनेक रुग्ण होते.

दुसरे कारण पाठीच्या कण्याचे. मणक्यांवर उभे असणारे कंटकप्रवर्ध एकमेकांना टेकू लागले, की त्या ठिकाणी वेदना उत्पन्न होऊ शकते. हा विकार विशेषेकरून पाठीच्या मागील भागात, म्हणजे बरोबर जिनाखाली आढळतो. पायाचा जुना लंगडेपणा, स्नायूंचा ताठरपणा, तंगाच्या जागेवरचे घट्टे, गोचिडांच्या चाव्यांची सूज, वाळलेला घाम व चिखल, काही घोड्यांमध्ये अंडाशयाचे विकार ही आणखी काही कारणे होत.

साजाचे दोष : जीन अरुंद असेल तर मानेच्या शेवटचा उंचवटा, ज्याला स्कंधशिखर म्हणता येईल, दोन्ही बाजूंनी चिमटला जातो, फार रुंद असेल तर जीन खाली बसून थेट कण्यावर टेकते. काम करून आलेल्या घोड्याचे जीन उतरवल्यावर पाठ पाहावी. सर्वत्र घाम आणि मध्येच एखादा कोरडा ठिपका दिसला, तर तेथे दाब अधिक पडत असल्याची शंका घ्यावी. जुन्या जिनाखाली उगवलेले पांढरे केस ही भरलेल्या जखमेची खूण असते. घोड्याची पाठ ऋतू, खाद्य, वय आणि व्यायाम यांनुसार बदलते. म्हणून गेल्या वर्षी नीट बसलेले जीन यंदाही बसेलच, असे गृहीत धरता येत नाही.

स्मरण आणि शिकलेले वर्तन : कारण दूर झाल्यावरही विरोध काही काळ टिकतो, कारण घोड्याची स्मृती दीर्घ असते. तंग म्हणजे दुखणे असा संबंध मनात एकदा बसला, की जीन दिसताच शरीर सावध होते. मानसशास्त्रात यास अभिसंधान म्हणतात. याच्या जोडीला प्रबलन येते. घोडा दात दाखवतो, माणूस दचकून मागे सरकतो, तंग सुटतो, आणि दात दाखवल्याने सुटका होते हे घोडा शिकतो. उलट त्याच क्षणी फटका बसला, तर तंगाशी आणखी एक वेदना जोडली जाते. काही घोडे यानंतर पूर्वसूचना देणेच सोडतात व थेट लाथ मारतात. सूचना न देणारा घोडा माणसासाठी सर्वांत धोकादायक होय.

परीक्षा : प्रथम साज न घालता घोडा पाहावा. तळहात सपाट ठेवून स्कंधशिखरापासून कमरेपर्यंत, कण्याच्या बाजूने, सारख्या दाबाने सावकाश न्यावा. निरोगी पाठ हाताखाली किंचित सैलावते. दुखरी पाठ एखाद्या जागी ताठ होते, दबते किंवा थरथरते. मग कोपरामागे, तंगाच्या जागी, बोटांनी कातडी चाचपावी. घोड्याचा चेहरा याच वेळी वाचावा. २०१४ साली मांडलेल्या अश्वमुखवेदना-मापनात ताठ मागे गेलेले कान, आवळलेले डोळे, डोळ्यावरील भागाचा ताण, उठून दिसणारे चर्वणस्नायू, घट्ट तोंड व टोकदार हनुवटी, आणि ताणलेल्या नाकपुड्या अशी सहा चिन्हे सांगितली आहेत. स्वारीच्या वेळच्या वेदनेसाठी ब्रिटिश पशुवैद्य स्यू डायसन यांनी २४ वर्तनांची सूची तयार केली. त्यांपैकी ८ किंवा अधिक दिसल्यास स्नायू-अस्थींच्या वेदनेची शक्यता बळावते. जठरव्रणाचे खात्रीचे निदान दुर्बिणीने जठर पाहूनच होते, आणि औषध पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे.

जीन चढवण्याची रीत : घोडा एका ओढीत सुटणाऱ्या गाठीने बांधावा किंवा जाणत्या मोतद्दाराने धरावा. खरारा करून पाठ व तंगाची जागा स्वच्छ करावी. कामापूर्वी थोडा चारा खाऊ घालावा, म्हणजे जठरातील आम्ल उसळून वर लागत नाही. जिनाखालची गादी थोडी पुढे ठेवून मागे सरकवावी, म्हणजे केस सरळ बसतात. गादीचा मधला भाग वर उचलून कण्यावर पोकळी राखावी. जीन फेकू नये. ते उचलून अलगद ठेवावे. तंग पहिल्यांदा इतकाच लावावा, की जीन घसरू नये. त्यानंतर घोड्याला काही पावले चालवावे व एक छिद्र आवळावे. पुन्हा चालवावे, पुन्हा आवळावे. प्रत्येक पुढचा पाय गुडघ्याखाली धरून हळूच पुढे ताणला, म्हणजे तंगाखाली दुमडलेली कातडी मोकळी होते. अखेरची आवळणी स्वार बसण्याच्या लगेच आधी करावी. अर्धवट तंग लावलेला घोडा कधीही एकटा सोडू नये, कारण जीन पोटाखाली फिरले तर शांत घोडाही उधळतो. माणसाने खांद्याजवळ उभे राहावे. थेट मागची जागा घोड्याच्या दृष्टीबाहेरची असते.

पुनःशिक्षण : वेदना दूर झाल्याची खात्री पटल्यावरच शिकवणी सुरू करावी. तंगाऐवजी प्रथम रिकामा हात, मग मऊ कापडाचा पट्टा, मग सैल तंग असा क्रम ठेवावा. प्रत्येक पायरीवर घोडा शांत असतानाच दाब काढून घ्यावा, त्याच क्षणी कपाळ किंवा मान खाजवावी अथवा थोडा चारा द्यावा. विरोध दिसला तर एक पायरी मागे यावे. ही शिकवणी रोज थोडा वेळ, पण नेमाने करावी. जुनी भीती जाण्यास काही आठवडे, क्वचित महिने लागतात, आणि त्या काळात एकदाही घाई झाली तर बरीच वाटचाल पुन्हा करावी लागते.

व्यावहारिक उपयोग : माथेरानमध्ये दस्तुरीनाक्यापुढे पर्यटकांच्या मोटारींना मज्जाव असल्याने घोडा हे तेथील नित्याचे वाहन आहे. वेगवेगळ्या वजनाचे स्वार दिवसभर वाहणाऱ्या अशा घोड्यांचा तंग दोन फेऱ्यांच्या मध्ये सैल करणे आणि संध्याकाळी पाठ तपासणे, एवढ्या नेमानेही पुष्कळ दुखणी टळू शकतात. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे तापीकाठी दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे गिऱ्हाईक अंगावरचे केसांचे भोवरे मोजते, गळ्यावर देवमण हा शुभ मानला जाणारा भोवरा आहे का पाहते, चाल पाहते. घोडा बहुधा सजवलेला असतो. त्याचा साज उतरवण्यास सांगावे, उघडी पाठ हाताने चाचपावी, कोपरामागचे केस पाहावे आणि जीन पुन्हा आपल्यासमोर चढवण्यास सांगावे. तंग आवळला जात असताना घोड्याचे कान कोणत्या दिशेला आहेत, हे त्या वेळी नीट पाहिले, तर भोवऱ्यांत न दिसणारी त्याची आजवरची हकिकत समजते.