झिजायलाच बनवलेला चाकू

जुन्या घराची आवराआवर निघाली की टेबलाच्या एखाद्या खणातून बोटभर लांबीचा घडीचा चाकू हमखास निघतो. पातं काळवंडलेलं, मूठ मळलेली, आणि उघडायला जावं तर नख तुटेल इतका घट्ट. घरातलं कोणी म्हणतं भंगारात द्या, कोणी म्हणतं चकाचक पॉलिश करून शोकेसमध्ये ठेवू. यातलं काहीही करण्याआधी पातं मुठीत शिरतं तिथला ठसा भिंगातून वाचावा.

तिथे चांदणी आणि शेजारी माल्टीज क्रॉस दिसला, तर चाकू इंग्लंडातल्या शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या घराण्याचा. ही खूण त्यांना १७६४ साली मिळाली. १८२२ मध्ये चौथ्या जॉर्जने त्यांना राजघराण्याचे पुरवठादार नेमलं आणि त्याच वर्षी त्यांनी कसब दाखवायला १,८२२ पात्यांचा एक अजस्र चाकू घडवला. खिशातल्या चाकवांवर मग राजमुकुट आला. मुकुटाच्या दोन्ही अंगांना ‘व्ही’ आणि ‘आर’ असेल तर चाकू १९०१ पूर्वीचा, राणी व्हिक्टोरियाच्या अमदानीतला. ‘ई’ आणि ‘आर’ असेल तर १९१० पर्यंतचा, सातव्या एडवर्डच्या काळातला. ‘जी’ आणि ‘आर’ असेल तर बहुधा त्यानंतरचा. बफच्या चाकावर चार मिनिटांत पुसली जातात ती नेमकी ही अक्षरं.

शेफील्डमध्ये चाकू कोणा एका माणसाच्या हातून घडत नसे. एक जण पातं ठोकी, दुसरा ते दगडावर घासून धारेला आणी, तिसरा मूठ चढवून स्प्रिंग बसवी. यातले बरेच जण भाड्याच्या खोलीत स्वतःच्या हिमतीवर काम करत. त्यांना तिथे ‘लिटल मेस्टर’ म्हणत. या कारागिरांची कंपनी १६२४ सालच्या कायद्याने स्थापन झाली. १७४० च्या दशकात घड्याळजी बेंजामिन हंट्समन याला स्प्रिंगसाठी एकजीव पोलाद हवं होतं. त्यासाठी त्याने मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली आणि शेफील्डच्या पात्याचं नाव झालं. त्याची किंमत घासकऱ्यांनी मोजली. कोरड्या दगडाची धूळ छातीत जाऊन काटे-चमचे घासणारे ऐन तारुण्यात मरत. डॉ. कॅल्व्हर्ट हॉलंड यांनी १८४३ मध्ये या फुप्फुसाच्या रोगावर पुस्तकच लिहिलं. जुन्या ‘मेस्टरां’च्या परंपरेतले नामांकित कारागीर स्टॅन शॉ २०२१ मध्ये वारले. चौदाव्या वर्षी कामाला लागलेला हा माणूस म्हातारपणीही स्वतःच्या हाताने खिशातले चाकू घडवत होता.

आता मूठ पाहू. खडबडीत, तपकिरी रेघांची असेल तर ते सांबरशिंग. शेफील्डला हे शिंग मुख्यतः हिंदुस्थानातून जाई, कारण सांबराचं शिंग आतून भरीव असतं आणि सहज चिरत नाही. आपल्याकडच्या रानातलं शिंग बोटीने इंग्लंडला गेलं, पितळेच्या पट्ट्यांवर चढलं आणि चाकू होऊन मुंबई-कलकत्त्याच्या बाजारात परत आलं. बोरूला टोक काढायला आणि पुढे पेन्सिलीला कारकुनांना असला चाकू लागेच. आज शिंग काय किंवा हस्तिदंत काय, दोन्हींना १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. तेव्हा मूठ त्यातली असेल तर विकण्याचा विचार मनात आणू नये.

दुरुस्तीचं पहिलं हत्यार म्हणजे शिलाई मशीनचं तेल. सांध्यात दोन थेंब सोडून चाकू रात्रभर ठेवावा. सकाळी पक्कड न वापरता पातं चामड्याच्या तुकड्यात धरून हळूहळू उघडावं. मुठीच्या फटीत साठलेला सुताचा, तपकिरीचा मळ बांबूच्या काडीने काढावा. पुन्हा तेल, पुन्हा उघडझाप. तेल तांबडं यायचं थांबेपर्यंत हेच. या चाकवाला खटका नसतो. पाठीच्या स्प्रिंगचा दाब पात्याच्या बुडावर असतो, तेवढ्यावर पातं उभं राहतं. गंज निघाला आणि स्प्रिंग जिवंत असली की मिटताना स्वच्छ ‘टक्’ ऐकू येतं. तो आवाज आला की रिबिटी ठोकून चाकू खोलायच्या फंदात पडू नये. जुनं शिंग तेवढ्यानेही तडकतं.

गंज आणि डाग यांत मात्र फरक करायचा. स्टेनलेस पोलाद हॅरी ब्रिअर्लीने याच शेफील्डमध्ये १९१३ साली शोधलं. त्याआधीचं पातं साधं कार्बन पोलादाचं. लिंबू, कांदा, कैरी कापून त्यावर करडी-निळसर छटा चढते. ती राहू द्यावी, पात्याला थोडंफार राखते. तांबडा गंज तेवढा बारीक लोखंडी लोकर तेलात भिजवून घासून काढावा. चाकावर धार लावून घेऊ नये. विळीच्या जाड पात्याला ते चालतं, पण हे पातं इतकं पातळ की क्षणात तापतं. त्यावर निळा रंग चढला, की शिकलगाराच्या भाषेत पात्याचं पाणी उतरलं. सपाट दगडावर तेल टाकून, तिरपं धरून, हाताने लावलेली धारच त्याला मानवते.

दगडावर ठेवलं की आधीच्या मालकाची सवयही कळते. टोक झिजून आखूड झालं असेल तर पेन्सिली, पाकिटं, पोत्यांची शिवण. मधलं पोट आत गेलं असेल तर फळं, सुपारी. ही झीज भरून येत नाही, आणि भरून काढायचीही नसते. धार लावणं म्हणजे दर वेळी थोडं पोलाद खाणं. बनवणाऱ्याला ते ठाऊक होतं, म्हणून तर त्याने पातं सुरुवातीला रुंद ठेवलं.

मग तो खिशात ठेवायचा का? कायद्याची आडकाठी कमी आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत परवाना लागतो तो नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला, आणि तोही घरगुती किंवा शेतीच्या कामाचा नसेल तर. खुद्द ब्रिटनमध्येही तीन इंचांच्या आतला, खटका नसलेला घडीचा चाकू कारण न देता बाळगता येतो. विमानात तो हातातल्या पिशवीत चालत नाही. मेट्रोच्या, मॉलच्या तपासणीत हुज्जत घालण्यापेक्षा त्या दिवशी घरी ठेवलेला बरा.

एरवी मात्र वापरावा. शोकेसमधल्या चाकवाचा सांधा दोन पावसाळ्यांत पुन्हा धरतो. खिशातला रोज उघडतो, पुसला जातो, तेल खातो. आजोबांनी तो जपून ठेवायला घेतला नव्हता, पेन्सिलीला टोक काढायला घेतला होता. अर्धं पातं त्यांनी संपवलं, उरलेलं संपवायचा हक्क आता नातवंडांचा.