लॅपटॉप झिजतो कशानं?

आता हा एक प्रश्न आला आहे : मुलगा तासन्‌तास गेम खेळतो, त्यानं लॅपटॉपचं आयुष्य कमी होतं का? आमच्या दर्शनशास्त्राच्या सवयीनं सांगतो, गेम हे निमित्त. झीज करते ती उष्णता. आणि ती सगळ्या भागांची सारखी करत नाही, हे बघा. प्रोसेसर ९५-१०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेला की आपणहून वेग कमी करतो. गेम अडखळतो, पण चिप वाचते. बॅटरीचं तसं नाही. तापमान वाढलं की तिच्या आतल्या नको त्या रासायनिक क्रियाही वेग घेतात. आऱ्हेनिअसनं १८८९ मध्ये हा संबंध मांडला. ढोबळ हिशेब असा, की १० अंश वाढले की वेग साधारण दुप्पट. त्यात मंडळी चार्जर लावूनच खेळतात. म्हणजे बॅटरी काठोकाठ भरलेली, वर तापलेली! लिथियम-आयनला ही जोडी फार वाईट. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर वापरा.

मुलाला रागावण्याआधी लॅपटॉप गादीवरून टेबलावर आणा, पंख्यातली धूळ काढून घ्या. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला, तर मात्र बॅटरी फुगली असेल. तेव्हा लगेच बंद करा, चार्जर काढा, दुरुस्तीला न्या.