सरकारी शाळेत धर्मग्रंथ : राज्यघटना काय सांगते?

रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. भोसल्यांच्या राजवटीपासून या भागात स्थायिक होत गेलेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांची मुले शाळेत हिंदी माध्यमातून शिकतात; मनाचे श्लोक, रामरक्षा किंवा गीतेचा एखादा अध्याय यांची ओळख त्यांना घरी अथवा एखाद्या मंडळात होते. त्याला कायद्याची कोणतीही आडकाठी नाही. मात्र तोच अध्याय सरकारी शाळेने वेळापत्रकात घालून सर्वांसाठी सक्तीचा केला, तर प्रश्न एकदम घटनात्मक होतो. गेल्या काही वर्षांत गुजरात, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांत तो उपस्थित झाला आहे.

या विषयाचा मूळ आधार राज्यघटनेचे २८ वे कलम हा होय. संपूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असे त्याचा पहिला भाग स्पष्टपणे सांगतो. सरकारी अनुदान किंवा मान्यता घेणाऱ्या खासगी शाळांबाबत नियम वेगळा आहे. तेथे धार्मिक शिक्षण अथवा उपासना असू शकते, परंतु पालकांच्या संमतीशिवाय कोणत्याही विद्यार्थ्याला त्यात सहभागी करून घेता येत नाही. या दोहोंतील फरक पुष्कळदा नजरेआड होतो. अनुदानित शाळेत पालकांची संमती निर्णायक असते. सरकारी शाळेत ती असली तरी उपयोग नाही. वर्गातील सर्व पालकांनी सह्या करून दिल्या, तरी पहिल्या भागातील मनाई उठत नाही.

ही मनाई इतकी कडक का ठेवली गेली? संविधान सभेत ७ डिसेंबर १९४८ रोजी या कलमावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यामागची कारणे सांगितली होती. एका धर्माच्या शिकवणीसाठी सर्वांच्या करांचा पैसा वापरणे योग्य नाही, हे एक. देशात इतके धर्म आणि पंथ आहेत की प्रत्येकाची सोय करणे शासनाला शक्य नाही, हे दुसरे. आणि आपलाच मार्ग खरा असे सांगणाऱ्या शिकवणी एकाच शाळेत आल्या, तर तेथील शांतता भंगेल, हे तिसरे. पाऊणशे वर्षांनंतरही या तिन्ही कारणांना समाधानकारक उत्तर मिळालेले दिसत नाही.

तरीही न्यायालयांनी धर्माला शाळेबाहेर काढलेले नाही. गुरू नानकांचे जीवन आणि उपदेश यांचा विद्यापीठात अभ्यास करणे म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये पंजाबच्या एका प्रकरणात म्हटले. पुढे २००२ साली अरुणा रॉय प्रकरणात, राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यावरील आक्षेप फेटाळताना, धर्मांविषयी माहिती देणे आणि धर्माची दीक्षा देणे या दोन गोष्टी भिन्न मानल्या गेल्या. न्यायमूर्ती डी. एम. धर्माधिकारी यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात हा भेद विशेष विस्ताराने मांडला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये सरकारी शाळांतील बायबलवाचन घटनाबाह्य ठरवताना जवळजवळ हीच रेषा आखली होती : साहित्य किंवा इतिहास म्हणून अभ्यास चालेल, उपासना म्हणून वाचन चालणार नाही.

खरी अडचण ही रेषा प्रत्यक्ष वर्गात ओळखण्याची आहे. मध्य प्रदेश सरकारने शाळांत गीतासार शिकवण्याचा निर्णय घेतला, तेव्हा कॅथॉलिक संघटनेने जबलपूरच्या उच्च न्यायालयात धाव घेतली. गीता हा मूलतः भारतीय तत्त्वज्ञानाचा ग्रंथ आहे, धर्माचा नव्हे, असे सांगून न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये याचिका फेटाळली. रायपूर २००० पर्यंत याच न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात होते. छत्तीसगडला त्यानंतर बिलासपूर येथे स्वतःचे उच्च न्यायालय मिळाल्यामुळे हा निकाल तेथे बंधनकारक नाही. त्याचा आधार मात्र घेता येतो. गुजरातने मार्च २०२२ मध्ये सहावी ते बारावीसाठी गीतेचा समावेश जाहीर केला, आणि त्यालाही न्यायालयात आव्हान मिळाले.

गीतेला तत्त्वज्ञान म्हटल्याने प्रश्न सुटतो, असे मानणे कठीण आहे. असंख्य भाविकांसाठी ती पूज्य आहे, हे कोणत्याही निकालाने बदलत नाही. किंबहुना तिला केवळ तत्त्वज्ञान म्हणणे त्यांनाच रुचणार नाही. ग्रंथ कोणता यापेक्षा त्याचे वर्गात काय केले जाते, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरेल. अर्थ समजावून सांगणे, मतभेदांना वाव देणे, इतर परंपरांच्या शेजारी ठेवून वाचणे हा अभ्यास झाला. हात जोडून सामुदायिक पठण करणे हा वेगळा प्रकार होय.

महाराष्ट्रात मे २०२४ मध्ये जाहीर झालेल्या राज्य अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यावर वाद पेटला तो याच कारणाने. मनाचे श्लोक आणि गीतेचा बारावा अध्याय यांचे पाठांतर त्यात सुचवले होते. त्याशिवाय मूल्यशिक्षणाच्या संदर्भात मनुस्मृतीतील एक श्लोक उद्धृत केला होता. श्लोकाचा आशय वडीलधाऱ्यांचा आदर करण्याचा, म्हणजे तसा निरुपद्रवी. परंतु ज्या ग्रंथाचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दहन झाले, त्याचे नाव शालेय दस्तऐवजात आल्यावर दलित कुटुंबातील विद्यार्थ्याला काय वाटेल, याचा विचार मसुदा करणाऱ्यांनी केला नव्हता, असेच म्हणावे लागते. विरोध वाढल्यावर मनुस्मृतीचा समावेश होणार नाही, असे तत्कालीन शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी स्पष्ट केले.

सक्तीविरुद्ध उभे राहणाऱ्या व्यक्तीला किती झगडावे लागते, याचे उदाहरण नाशिकचे आहे. अनुदानित शाळेतील एका शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिला. त्याला दिलासा मिळाला तो २०१३ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयात. तो प्रौढ होता, नोकरीत होता आणि कायद्याची त्याला जाण होती. दहा वर्षांच्या मुलाकडे यांपैकी काहीच नसते. आपण एकटेच वर्गाबाहेर उभे राहू, या भीतीने ते इतरांबरोबर हात जोडते.

केंद्रीय विद्यालयांतील संस्कृत प्रार्थनेला जबलपूरच्या एका वकिलाने दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींसमोर आले. त्यांनी जानेवारी २०१९ मध्ये ते प्रकरण घटनापीठाकडे सोपवण्याचा निर्देश दिला. पूर्णपणे सरकारी खर्चाच्या शाळेत सामुदायिक प्रार्थना २८ व्या कलमात बसते काय, असा थेट प्रश्न त्यात विचारण्यात आला आहे.