लंगोट की डायपर?

घरात बाळ येणार म्हटले की पूर्वी जुनी सुती लुगडी व धोतरे फाडून लंगोटांची थप्पी तयार होत असे. आता बाळंतविड्यासोबत डायपरचे पुडेही येतात. लंगोट पर्यावरणाला तारक आणि डायपर मारक, असे आपण गृहीत धरतो. परंतु नुसती नावेची बाजू पाहून शिल्लक काढू नये, हे आम्हा बँकवाल्यांच्या अंगवळणी पडलेले असते.

ब्रिटनच्या पर्यावरण विभागाने २००८ मध्ये हा हिशेब मांडला. बाळाच्या पहिल्या अडीच वर्षांत डायपरमुळे सुमारे ५५० किलो, तर लंगोटांमुळे सुमारे ५७० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार वातावरणावर पडतो, असे त्यात आढळले! दोष कापडाचा नव्हे, धुलाईचा. डायपरचा भार मुख्यतः तो तयार होतानाच पडतो; लंगोटाचा मात्र पाणी तापवताना आणि यंत्रात वाळवताना. सर्व लंगोट यंत्रात वाळवल्यास भार ४३ टक्क्यांनी वाढतो. उलट मशीन पूर्ण भरून धुतले, बाहेर दोरीवर वाळवले आणि तेच पुढे धाकट्या भावंडालाही वापरले, तर तो ४० टक्क्यांनी घटतो. २०२३ च्या फेरअभ्यासात तर लंगोटांचा भार डायपरपेक्षा सुमारे २५ टक्के कमी भरला.

हे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लागू होणार नाहीत. तरीही दोरी आणि ऊन आपल्याला फुकट लाभते, त्यामुळे पारडे कापडाकडे झुकते, असे मला वाटते. अडचण पाण्याची. उन्हाळ्यात टँकरवर भिस्त असलेल्या घरात रोज लंगोटांची बादली उपसणे सोपे नाही. आणि ती बहुधा बाळाच्या आईच्याच वाट्याला येते, हे कोणत्याही अहवालात जमेस धरलेले नसते. म्हणून आमच्या घरी दिवसा लंगोट आणि रात्री व प्रवासात डायपर, अशी तडजोड झाली.

वापरलेल्या डायपरचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र उरतो. त्यातील प्लॅस्टिकचे थर व ओल शोषणारे सोडियम पॉलिअॅक्रिलेट सहजी कुजत नाही, आणि उघडा टाकलेला डायपर कचरा वेचणाऱ्या व्यक्तीला हातानेच उचलावा लागतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी तो नीट गुंडाळून देणे बंधनकारक केले होते. मैला शौचकूपात टाकावा, डायपरची घडी करून वर्तमानपत्रात घट्ट बांधावी आणि वर लाल खूण करावी, म्हणजे पुडके कोणी उघडून पाहणार नाही.