मोटारीला मोठ्या आवाजाचा हॉर्न बसवताना...

दसरा-दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातील रस्त्यांचे स्वरूप पालटते. ऊसतोड कामगारांच्या टोळ्या संसार ट्रॅक्टर-ट्रॉलीत भरून कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. जिल्ह्यातील कारखान्यांचे गाळपही याच सुमारास सुरू होते. धुळे-सोलापूर महामार्गावर गेवराई, बीड, मांजरसुंब्याच्या पट्ट्यात आणि तेलगाव, माजलगाव, परळीच्या अंतर्गत रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि उसाने लादलेल्या बैलगाड्या पुढील चार-पाच महिने दिसत राहतात. ट्रॅक्टरवर गाणी लागलेली असतात, ट्रॉलीमुळे मागचे काही दिसत नाही आणि मागून आलेल्या मोटारीचा हॉर्न चालकापर्यंत पोहोचत नाही. धारूरच्या घाटासारख्या अरुंद वळणांवर हीच बाब जिवावर बेतू शकते. त्यामुळे नव्या मोटारीसोबत आलेला हॉर्न अनेकांना अपुरा वाटू लागतो. बाजारातून जास्त आवाजाची जोडी आणून ती घरच्या घरी बसवण्याकडे कल वाढतो.

हे काम अवघड नाही. मात्र ते चुकीच्या पद्धतीने केल्यास मोटारीला आग लागण्याचा धोका असतो आणि चुकीचा हॉर्न निवडल्यास कायद्याचा भंग होतो. म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी हॉर्नचे शास्त्र आणि नियम समजून घेणे हिताचे ठरते.

हॉर्न वाजतो कसा?

विजेच्या हॉर्नमध्ये एक विद्युतचुंबक, पोलादाचा पातळ पडदा आणि एक संपर्कबिंदू असतो. बटण दाबताच विद्युतचुंबक पडदा खेचून घेतो. पडदा खेचला गेला की संपर्क तुटतो, वीज थांबते आणि पडदा मागे येतो. पुन्हा संपर्क जुळतो आणि तीच क्रिया घडते. सेकंदाला साधारण ३५० ते ५०० वेळा होणाऱ्या या कंपनातून आवाज निर्माण होतो. चपट्या चकतीसारख्या हॉर्नचा आवाज काहीसा कर्कश असतो. शंखासारखी वळलेली नळी असलेल्या हॉर्नचा आवाज अधिक भरदार असतो. जोडीतील एक हॉर्न खालच्या आणि दुसरा वरच्या पट्टीचा असतो. दोन्ही एकदम वाजल्याने रस्त्यावरच्या इतर आवाजांतून तो ध्वनी वेगळा ओळखू येतो.

आवाज मोजण्याचे डेसिबल हे एकक सरळ बेरजेने वाढत नाही. सारख्याच ताकदीचा दुसरा हॉर्न जोडला तर आवाज दुप्पट होत नाही, केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबलची वाढ लागते. शिवाय मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो.

या हिशेबाचा रस्त्यावरचा अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. एखाद्या हॉर्नचा आवाज ७ मीटरवर ११२ डेसिबल आहे असे मानले, तर तो २८ मीटरवर १००, ५६ मीटरवर ९४ आणि ११२ मीटरवर ८८ डेसिबल उरतो. छत नसलेल्या ट्रॅक्टरचे इंजिन जोरात चालू असताना चालकाच्या कानाशी ९० डेसिबलच्या आसपास आवाज असतो; गाण्यांची भर वेगळीच. इंजिनाची घरघर खालच्या पट्टीची आणि हॉर्न वरच्या पट्टीचा असल्याने तो थोडाफार वेगळा जाणवतो, हे खरे. तरीही शंभर मीटरवरून दिलेला इशारा चालकाला ऐकू जाईलच, असा भरवसा धरता येत नाही. मोटार ताशी ८० किलोमीटर आणि ट्रॅक्टर २० किलोमीटर वेगाने जात असेल, तर ५६ मीटरचे अंतर साडेतीन सेकंदांहून कमी वेळात संपते. म्हणजे हॉर्न ऐकू जाईपर्यंत ब्रेक लावण्याची वेळ आलेली असते.

कायद्याची चौकट

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११९ हॉर्नविषयी आहे. त्यानुसार वाहनाला आयएस १८८४ या भारतीय मानकात बसणारा हॉर्न असावा लागतो. एकामागून एक निरनिराळे सूर काढणारा, तसेच अवाजवी कर्कश, मोठा किंवा दचकवणारा आवाज करणारा हॉर्न बसवण्यास मनाई आहे. रुग्णवाहिका, अग्निशमन दल आणि पोलिसांची वाहने यांचा अपवाद करण्यात आला आहे. मोटारीच्या हॉर्नचा आवाज समोर सुमारे सात मीटरवर मोजला असता ९३ ते ११२ डेसिबलच्या दरम्यान असावा, असा दंडक आहे. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मूळ हॉर्न बदलून मानकात बसणारी जोडी लावण्यास वाव आहे; पण हवेच्या दाबावर चालणारा प्रेशर हॉर्न, गाण्याच्या चालीवर वाजणारा हॉर्न किंवा सायरन यांना खासगी मोटारीत जागा नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने शिक्षाही वाढल्या. विनाकारण, सतत किंवा गरजेपेक्षा जास्त हॉर्न वाजवल्यास कलम १९४ एफ अन्वये पहिल्या वेळी १ हजार आणि पुढील प्रत्येक वेळी २ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. ध्वनीच्या मानकांचे उल्लंघन करणारे वाहन चालवल्यास कलम १९० नुसार १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. परवानाही तीन महिन्यांसाठी जातो. नियमबाह्य सुटे भाग बसवणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, अशी तरतूद कलम १८२ ए मध्ये आहे.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर राज्य सरकारला शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. अशा क्षेत्रात, तसेच निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत, आणीबाणीखेरीज हॉर्न वाजवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २००५ च्या निकालात रात्री निवासी भागात हॉर्न वाजवण्यास मनाई केली होती.

आधी जुना हॉर्न तपासा

हॉर्नचा आवाज बारीक झाला म्हणजे तो खराबच झाला असे नाही. धूळ-चिखलाने नळी बुजणे, अर्थिंगच्या जागी गंज चढणे, जोडणी सैल होणे किंवा बॅटरी उतरणे ही नेहमीची कारणे आहेत. हॉर्न काढून साफ केला, अर्थिंगचा बोल्ट घासून पुन्हा आवळला की अनेकदा मूळ आवाज परत येतो आणि खर्च वाचतो. हॉर्नवरील छोटा स्क्रू फिरवून आवाज वाढवण्याचा मोह मात्र टाळावा. त्याने संपर्कबिंदू बिघडतो व हॉर्न जळू शकतो.

रिले कशासाठी?

घरी हॉर्न बसवताना सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे जुन्या हॉर्नची वायर काढून ती थेट नव्या जोडीला लावणे. मोठ्या आवाजाचा एक हॉर्न साधारण ५ अँपिअर वीज घेतो. म्हणजे जोडीला १० अँपिअर लागतात. मूळ वायर आणि स्टीअरिंगवरील बटण एवढ्या भारासाठी केलेले नसते. परिणामी वायर तापते, फ्यूज उडतो किंवा विजेचा दाब कमी पडून महागडी जोडीही घोगरी वाजते. उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा लावणे म्हणजे आगीला आमंत्रण होय.

यावरचा उपाय म्हणजे रिले. शेतातल्या पंपाच्या स्टार्टरमध्ये छोट्या बटणाने मोठा प्रवाह चालू होतो, तेच तत्त्व येथे असते. बटणाची थोडी वीज रिलेला मिळते आणि हॉर्नला लागणारी वीज थेट बॅटरीकडून येते. १२ व्होल्ट, ३० अँपिअरच्या चार पायांच्या रिलेवर ३०, ८५, ८६ आणि ८७ असे आकडे असतात.

जोडणीचा क्रम

सर्वप्रथम इंजिन बंद करून बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडावी. पुढच्या जाळीमागील जुना हॉर्न काढावा. त्याच्या वायरी कापू नयेत; तयार कनेक्टर वापरावेत, म्हणजे पुढे मूळ हॉर्न परत बसवता येतो.

जुन्या हॉर्नच्या दोन वायरी रिलेच्या ८५ आणि ८६ या पायांना जोडाव्यात. मूळ हॉर्नला एकच वायर असेल तर ती ८६ ला लावून ८५ मोटारीच्या सांगाड्याला अर्थ करावा. बॅटरीच्या धन बाजूकडून २.५ चौरस मिलिमीटर जाडीची वायर पाय क्रमांक ३० ला आणावी आणि तिच्यात बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज बसवावा. फ्यूज लांब बसवल्यास बॅटरी ते फ्यूज हा वायरचा भाग असुरक्षित राहतो. पाय क्रमांक ८७ पासून निघालेली वायर दोन्ही हॉर्नच्या एका टोकाला द्यावी व उरलेली टोके अर्थ करावीत. अर्थिंगच्या जागचा रंग खरवडून धातूशी धातू भिडेल असे पाहावे.

हॉर्नचे तोंड किंचित खाली झुकलेले ठेवावे, म्हणजे पावसाचे पाणी आत साचत नाही. हॉर्न बंपरला किंवा रेडिएटरला टेकता कामा नये आणि रेडिएटरची हवाही अडता कामा नये. रिले पाणी उडणार नाही अशा ठिकाणी, पाय खाली करून बसवावा. सर्व वायरी नळीत घालून पंख्यापासून व गरम भागांपासून दूर बांधाव्यात. त्यानंतर बॅटरी जोडून क्षणभर बटण दाबावे. रिलेचा ‘टिक’ असा आवाज येऊनही हॉर्न वाजला नाही, तर फ्यूज आणि अर्थिंग तपासावे.

स्टीअरिंगमध्ये एअरबॅग असल्याने बटणाचा भाग घरी उघडू नये. अलीकडच्या अनेक मोटारींत हॉर्न संगणकीय यंत्रणेला जोडलेला असतो. तेथे अधिकृत सेवा केंद्राकडूनच काम करून घेणे योग्य. वायरिंगमध्ये फेरफार केल्यास वॉरंटी नाकारली जाऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे. विजेवरील मोटारीत नारंगी रंगाच्या वायरींना हात लावू नये. त्यांत जीवघेणा विद्युतदाब असतो.

आवाजाची किंमत

मोठ्या हॉर्नचा त्रास पहिल्यांदा दुचाकीस्वार, पादचारी, वाहतूक पोलीस आणि रस्त्याकडेच्या दुकानदारांना होतो. दिवसाचे आठ तास ८५ डेसिबलहून अधिक आवाजात काम करणाऱ्यांच्या श्रवणशक्तीला धोका असतो. आवाज आणखी वाढला की सुरक्षित वेळ झपाट्याने घटते. १०० डेसिबलला ती अवघी १५ मिनिटे धरली जाते. बैलगाडीच्या मागे जोरात हॉर्न वाजवल्यास बैल बुजून गाडी आडवी येण्याची भीती असते, हे ऊसपट्ट्यातून जाणाऱ्या शहरी चालकांनी विसरू नये. मुंबई वाहतूक पोलिसांनी जानेवारी २०२० मध्ये एक वेगळा प्रयोग लोकांसमोर आणला होता. सिग्नलवर हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजली जाई. त्याची देशभर चर्चा झाली.

मानकात बसणारी जोडी, रिले आणि योग्य फ्यूज यांसह बसवलेला हॉर्न घाटातल्या आंधळ्या वळणावर निश्चितच उपयोगी पडतो. परंतु उसाच्या ट्रॉलीमागे असताना वेग कमी करणे, अंतर राखणे, रात्री दिव्याची उघडझाप करून इशारा देणे आणि समोरचा रस्ता मोकळा दिसल्याखेरीज पुढे न जाणे याला पर्याय नाही. ट्रॉलीला मागे लाल दिवा किंवा परावर्तक पट्टी नसेल, तर हॉर्न वाजवण्याचे सुचेपर्यंतच उशीर झालेला असतो. त्यामुळे हंगाम सुरू होण्यापूर्वी मोटारमालकाने हॉर्नबरोबर ब्रेक आणि दिवेही तपासून घ्यावेत आणि ट्रॅक्टरमालकाने प्रत्येक ट्रॉलीला परावर्तक लावून घ्यावेत. ट्रॉलीत बसून परगावी निघालेल्या कुटुंबांच्या सुरक्षेसाठी एवढी काळजी दोघांनीही घेणे आवश्यक आहे.